तीन पट्टे, सहा कण

सेलूच्या बाजारात मन्मथअप्पांना कोणीही लांबून ओळखायचं. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर चढवून ठेवलेला चष्मा. लांबचं बघायला त्यांना चष्मा लागायचा, पण जवळचं काही बारीक बघायचं झालं की तो मधे यायचा. म्हणून भाजी निवडताना, पेपर वाचताना, मुलांच्या प्रयोगाची सुई बघताना चष्मा वर जायचाच. तो परत खाली आणायचं मात्र भान राहायचं नाही. मग रस्त्यात समोरून आलेल्या माणसाला ओळख न देता अप्पा पुढं निघून जायचे आणि लोक म्हणायचे, कॉलेजात फिजिक्स शिकवतो म्हणून शिष्ट झालाय. शिष्टपणा कसला डोंबलाचा. त्यांना दिसायचंच नाही.

मी बन्सीधर. जिनिंगच्या रस्त्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, हा धंदा. अप्पांचं नि माझं जमलं ते या तारेमुळं. मधली काही वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, तेही तारेमुळंच. अप्पा काही मोठे शास्त्रज्ञ नव्हते. झाले असते का, ते मला सांगता यायचं नाही, मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस. पण त्यांना आयुष्यात एक गोष्ट मनापासून हवी होती आणि ती ज्या कारणानं हातातून गेली ते कारण आठवलं की माझं डोकं अजून सणकतं.

त्यांना हवी होती पीएचडी. पगार वाढावा म्हणून नव्हे. दोन वर्षं रजा मिळावी आणि एकाच प्रश्नाशी बसता यावं म्हणून. प्रश्नाचं नाव असं: ‘चुंबकीय क्षेत्रातल्या धूलियुक्त प्लाझ्मामधील लहान भारित कणसमूहांचे वर्तन’. हे एका दमात म्हणून दाखवेल त्याला माझ्या दुकानात चहा, अशी पैज मी लावली होती. जिंकलं कोणीच नाही.

त्याचं वेड त्यांना लागलं एका मासिकातल्या फोटोमुळं. एक्क्याऐंशीच्या सुमाराला शनीच्या कड्यांचे फोटो छापून आले होते, अमेरिकेच्या यानानं काढलेले. त्या कड्यांवर चाकाच्या आऱ्यांसारखे काळसर पट्टे दिसत होते. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की ती बारीक धूळ आहे, तिच्यावर विजेचा भार बसलाय आणि म्हणून ती कड्यांपासून उचलली जाऊन तरंगते. अप्पांनी तो फोटो मला दाखवला आणि म्हणाले, “बन्सी, धुळीचं आपल्याला काय अप्रूप? सरकीची, कापसाची, रस्त्याची, धुळीतच जल्मलो आपण. तिच्यावर भार बसला की ती कशी वागती, तेवढं मला बघायचंय.”

पंच्याऐंशी साली त्यांनी माझ्याकडून एक मोठी कॉइल भरून घेतली. तिच्यातून वीज सोडली की तिचा चुंबक होणार आणि तिच्या पोकळीत त्यांची काचेची नळी उभी राहणार. नळी हातभर उंच. खाली पितळेची चकती, वर झाकण, झाकणाखाली चहाच्या गाळणीची जाळी. जाळीवर चिमूटभर कॅरमची पांढरी पावडर. कॉलेजच्या जुन्या पंपानं नळीतली हवा काढायची, अगदी थोडी राहू द्यायची, आणि वरच्या नि खालच्या टोकाला जोराची वीज जोडायची. मग उरलेली हवा पेट घेतल्यासारखी जांभळट दिसू लागते. त्या उजेडाला अप्पा प्लाझ्मा म्हणायचे. पंपाच्या थरथरीनं जाळी हलायची, तिच्यातून पूड झरायची आणि ती त्या उजेडात उतरायची.

हे सगळं जुळवताना अप्पांची एक ठरलेली तऱ्हा होती. चष्मा वर सरकवायचा, कपाळ जवळजवळ नळीच्या तोंडाला टेकवायचं आणि एका डोळ्यानं बघत जाळी सरळ बसवायची. ती तिरकी बसली तर पुन्हा काढायची, पुन्हा चष्मा वर, पुन्हा कपाळ नळीला. मी म्हणायचो, अप्पा, नळीची पूजा करायलाव का काय? ते हसायचे आणि तेच करायचे.

पहिल्यांदा मी नळीकडं रोखलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला तो रविवार होता, कॉलेज रिकामं होतं. एका बाजूनं स्लाइड प्रोजेक्टरच्या दिव्याचा पातळ झोत सोडला होता.

“काय दिसायलंय?” अप्पांनी विचारलं.

“ठिपके हायत. लटकलेत जागच्या जागी. खाली पडंनात.”

“किती?”

“सहा. एक मधी, पाच भवताली.”

“आता कॉइल चालू करतो. डोळा हलवू नको.”

आणि ते सहाही ठिपके फिरायला लागले. एकेकटे नव्हे, सगळे मिळून, आपापलं अंतर न सोडता. फुगडीत बायका फिरतात तसे, फक्त कोणाचा हात कोणाच्या हातात नाही. अप्पांनी कॉइलच्या तारा उलट जोडल्या तर ते उलटे फिरले. मी आयुष्यात हजार मोटारी फिरवल्या असतील, पण अशी मोटार पाहिली नव्हती.

अप्पांनी मला समजेल असं सांगितलं. त्या उजेडातून कणांवर विजेचा भार बसतो. सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना लांब ढकलतात. पण उजेडाचा काठ त्यांना बाहेर जाऊ देत नाही, आत लोटतो. म्हणून बिचारे एकमेकांना शिवतही नाहीत नि सोडूनही जात नाहीत. तीन असले तर त्रिकोण, चार असले तर चौकोन, सहा झाले की एकाला मधे घेतात. दोनच असले तर मात्र त्यांचं फिरणं अवघड. चुंबक वाढवावा लागतो, आणि फिरले तरी मधेच थबकतात, पुन्हा निघतात. असं का, तेच अप्पांना शोधायचं होतं.

पावसाळ्यात कण येत नसत. पावडर सादळली, असं अप्पा म्हणायचे. घरून तव्यावर भाजून आणली तरी ढेकळं पडल्यासारखी सरळ खाली जायची. मग आम्ही दिवाळीपर्यंत थांबायचो. थंडी पडली की कण पुन्हा हजर. कोरड्या हवेचा गुण, असं आम्ही धरून चाललो.

आता खिल्लारे सरांबद्दल सांगायला हवं. औरंगाबादेत विद्यापीठात ते फिजिक्सचे प्राध्यापक होते, मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, एका लहान गावच्या बौद्ध वस्तीतले. अप्पांना त्यांनी एमएस्सीला शिकवलं होतं. ‘प्रश्न विचारणारा मुलगा’ म्हणून अप्पांवर त्यांचा जीव होता. अठ्ठ्यात्तर साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, तेव्हा गावाकडं त्यांच्या थोरल्या भावाचं घर जाळलं गेलं. ही बातमी सेलूत आली तेव्हा अप्पा दोन दिवस जेवले नाहीत, हे मला त्यांच्या आईनं, भागम्मानं सांगितलं. पण ते सरांना भेटायला मात्र गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो करत राहिले. काय तोंडानं जाऊ, म्हणायचे. मग महिने गेले, वर्षं गेली, आणि जायची वेळच निघून गेली. पुढं प्रयोगाच्या निमित्तानं टपालानं बोलणं सुरू झालं, पण त्या गोष्टीचा उल्लेख ना यांनी केला ना त्यांनी.

शहाऐंशीच्या शेवटी सरांनी कळवलं की तिघांच्या समितीसमोर कण फिरवून दाखवा. दाखवलेत की मी तुम्हाला विद्यार्थी म्हणून घेतो आणि रजेचं काम होईल. मी जूनमध्ये निवृत्त होतोय, त्याआधी पीएचडीला तुमचं नाव लागलं पाहिजे. म्हणजे संधी ही एकच. अप्पांना काही सुचेना. महिनाभर आम्ही रोज प्रयोग केला आणि रोज कण आले. एकदाही दगा दिला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अप्पांची पूजा झाली होती, पट्टे ओढून झाले होते. विभूती त्यांच्या घरी विकत आणत नसत. शिवरात्रीच्या आधी भागम्मा गोवऱ्या जाळून राख करायच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून ती वस्त्रगाळ करायच्या आणि पाण्यात भिजवून तिचे गोळे वाळवायच्या. अशी मऊ विभूती सेलूत दुसरीकडं नव्हती. त्यांनी एक नवा गोळा लेकाच्या हातावर ठेवला.

“परगावी चाललास. ही खिशात राहू दे,” भागम्मा म्हणाल्या.

अप्पांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. आम्ही नळी नि जाळी धुऊनपुसून गोधडीत गुंडाळली, कॉइल पोत्यात घातली आणि सकाळची गाडी धरली. मी सोबत होतो कारण कॉइल एकट्याला उचलवत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ते कण तिथं फिरताना बघायचे होते. दुपारी औरंगाबादला उतरलो. स्टेशनाबाहेर नळ होता. अप्पांनी चष्मा माझ्या हातात दिला, नळाखाली वाकले आणि खसाखसा कपाळ धुवायला लागले.

“अप्पा, हे काय करायलाव?”

“पुसायलोय.”

“आवं पण का म्हणून?”

त्यांनी तोंड वर केलं. पाणी निथळत होतं. इतक्या वर्षांच्या पट्ट्यांखालची कातडी उन्हानं रापली नव्हती, त्यामुळं विभूती गेली तरी तिथं तीन उजळ रेघा दिसत होत्या.

“सरांच्या भावाचं घर ज्यांनी जाळलं, ते बी रोज पूजा करून, कपाळाला लावूनच हिंडणारे व्हते,” अप्पा म्हणाले. “त्या साली मी भेटायला बी गेलो न्हाई. आता हे कपाळ घेऊन पुढं उभा राहिलो की त्यांना काय वाटंल? हा बी त्यातलाच. आन दुसरे दोघं कोणत्या बाजूचे, कुणाला ठावं. आजकाल नाव ऐकून, कपाळ बघून माणूस कोणत्या बाजूचा ते ठरवायलेत, बन्सी. मला आज कोणत्याच बाजूचा दिसायचं न्हाई. मला नुसते कण दाखवायचेत.”

मला ते बोलणं पटलं. तेव्हा औरंगाबादेत पटण्यासारखंच होतं. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ कोरडं केलं आणि चष्मा लावला.

विद्यापीठातली प्रयोगशाळा आमच्या कॉलेजच्या दहापट. पंप नवा, वीज कशी एकसारखी. खिल्लारे सर दारात आले, उंच, पांढरा शर्ट. त्यांनी अप्पांकडं पाहिलं आणि क्षणभर पाहतच राहिले. मग “या, मन्मथअप्पा,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, मोठी माणसं अशीच मोजकं बोलतात.

अप्पांनी नळी जुळवली. जाळीवर पावडर टाकली. चष्मा वर, कपाळ नळीला, सगळं रोजच्यासारखं. पंप सुरू झाला, जांभळा उजेड आला, सेलूपेक्षा छान आला. झोत सोडला. अप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि लावूनच राहिले. पांढरी ढेकळं झोतातून चमकत खाली पडत होती, पण थांबत एकही नव्हतं. त्यांनी वीज कमी केली, वाढवली. हवा कमी केली, वाढवली. जाळी काढून पुन्हा बसवली. समितीतले दोघे खुर्चीवर बसले, मग उठून खिडकीशी गेले, मग घड्याळ बघायला लागले. रिकाम्या उजेडाभोवती माझी कॉइल गुणगुणत होती आणि ती ऐकून मला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, कोणाच्या ते कळत नव्हतं.

“सेलूत येतात, सर,” अप्पा म्हणाले. “रोज येतात.”

“असं होतं कधीकधी,” खिल्लारे सर म्हणाले.

तिघे शेजारच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा सरांनी सांगितलं की समितीला नाव लावता येत नाही. अप्पांनी मान हलवली आणि नळी गोधडीत गुंडाळायला घेतली. दुसरी तारीख द्या, असं त्यांनी म्हणावं म्हणून मी त्यांना कोपर मारलं. ते म्हणाले नाहीत. ज्या माणसाला संकटात भेटायला आपण गेलो नाही, त्याच्याकडं पुन्हा काही मागायची त्यांना लाज वाटली. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

येताना गाडीत ते एकच वाक्य बोलले. “बन्सी, तुझी कॉइल तिथं जास्त गरम झाली आसंल.”

माझी कॉइल! मी गाडीतच भांडलो. सेलू आल्यावर पोतं त्यांच्या दारात टाकलं आणि पुन्हा पायरी चढणार नाही म्हणालो. चढलोही नाही. ते कॉलेजच्या रस्त्यानं यायचे तर मी दुकानात पाठ करून बसायचो. त्यांना बिचाऱ्यांना माझी पाठ तरी कुठं दिसत होती. अप्पांनी नळी कपाटावर ठेवून दिली, सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि तो विषय संपला. नव्वद साली भागम्मा गेल्या, तेव्हा मी गेलो. अप्पांनी माझा हात धरला नि सोडलाच नाही. माझा राग तिथंच संपला. पण कणांचा विषय दोघांनीही काढला नाही. प्राचार्य व्हायची संधी आली तेव्हा अप्पा नको म्हणाले. वर्गात मात्र ते शनीच्या कड्यांवर येऊन थांबायचे नि पुढं जायचे नाहीत, असं मुलं सांगायची.

मग चौऱ्याण्णवचा जानेवारी आला. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. कुठं गुलाल, कुठं बंद, चौकात पोलीस. कॉलेज काही दिवस बंदच होतं. अप्पांनी मला निरोप पाठवला की विज्ञान प्रदर्शन आहे, तेवढी कॉइल बघून दे. गेलो. तार शाबूत होती, म्हणजे सात वर्षांनंतरही माझी कॉइल शाबूत होती, हे मी त्यांना दोनदा ऐकवलं.

“पावडरीचा डबा सापडंना,” अप्पा म्हणाले. “राहू दे. पोरांना नुसता उजेड दाखवू.”

प्रोजेक्टर आधीच लावलेला होता, झोत नळीच्या तोंडावरून जात होता. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जाळी बसवायला वाकले. तेव्हा मला ते दिसलं आणि त्याच क्षणी त्यांनाही. चष्म्याची चौकट पट्ट्यांवर घासली गेली आणि झोताच्या उजेडात एक पांढरा धूर कपाळावरून निघून सावकाश जाळीवर उतरला.

अप्पा तसेच वाकून राहिले. मग झाकण लावलं, पंप लावला, वीज दिली. दुर्बिणीत त्यांनी बघितलं नाही, मला बघायला सांगितलं. सात कण होते. मी कॉइल चालू केली. फिरले.

अप्पांनी यंत्र बंद केलं, झाकण उघडलं आणि जाळीवरून बोट फिरवून चिमटीत चोळलं. त्या चिमटीला चाळीस वर्षांची ओळख होती.

“पावडर न्हवतीच कधी, बन्सी,” ते म्हणाले. “ही व्हती. आईची. तिनं केलेला शेवटचा गोळा चालू हाय सध्या.”

पावडरीचे कण जड, गुठळ्या होणारे, ते तेव्हाही पडतच होते. लटकायचे ते हे. पावसाळ्यात घामानं विभूती कपाळाला चिकटून राहायची म्हणून कण यायचे नाहीत. आणि औरंगाबादेत? तिथं कपाळ धुतलेलं होतं. वर शर्टाच्या खिशात भागम्मानं दिलेला अख्खा गोळा होता. अप्पा त्या दिवशी दोन तास त्या नळीवर वाकून होते आणि त्यांना हवं ते सगळं नळीपासून वीतभर अंतरावर, त्यांच्याच खिशात होतं. यात चमत्कार काही नाही. वस्त्रगाळ राख ती, कोणाच्याही चुलीतली चालली असती. पण ती आणायचं सुचलं असतं तर ना. अप्पा स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. सात वर्षांपूर्वी मी त्यांच्याशी ज्यावरून भांडलो होतो ते सगळं मला क्षुद्र वाटलं.

“सरांना सांगायला पायजे,” ते म्हणाले.

खिल्लारे सर निवृत्तीनंतर परभणीत राहत होते. आम्ही एसटीनं गेलो. सर थकले होते, छातीचा त्रास होता, पण त्यांनी स्वतः दार उघडलं. अप्पांचे पट्टे जागेवर होते. सरांनी ते पाहिले आणि आम्हाला आत बसवलं. अप्पांनी नळीपासून खिशातल्या गोळ्यापर्यंत सगळं सांगितलं, फक्त कपाळ धुतलं तेवढं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. सर खोकला येईपर्यंत हसले.

“आणि दोन कण असले तर?” हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

“ते अडखळतात, सर. मधेच थांबतात. चुंबक वाढवला तर निघतात.”

“हे बघायचं होतं मला,” सर म्हणाले. “एक विचारतो. कपाळ पुसलं होतं ते कोणासाठी?”

अप्पा खाली बघत म्हणाले, “तुमच्यासाठी, सर.”

“ते मला त्याच दिवशी कळलं होतं. एमएस्सीला दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलात, हेच तीन पट्टे लावून. मला त्यांची सवय होती. त्या दिवशी दारात बघतो तर कपाळ पुसलेलं, आणि कातडीवर त्यांच्या खुणा तशाच. माझ्या मनात आलं, हा माझा विद्यार्थी, आणि यालाही वाटतं की माझ्यासमोर यायचं तर आधी पुसून यावं लागतं. मी असा माणूस दिसतो याला.”

“सर, मला वाटलं तुमाला दुखंल.”

“दुखलंच. पण विभूतीनं नाही दुखलं.” सरांनी पाण्याचा घोट घेतला. “ते दोघं म्हणाले होते, आणखी एक तारीख देऊ या. नको म्हणालो तो मी. नियम सांगितला त्यांना. नियम नव्हता, राग होता. त्याचं मला आज वाईट वाटतं, मन्मथअप्पा. फार वाईट वाटतं.”

“मी मागायला पायजे व्हती तारीख.”

“हो. आणि मी द्यायला पाहिजे होती.”

आतून चहा आला. अप्पांनी कप हातात घेतला नि तसाच धरून ठेवला. “अठ्ठ्यात्तर साली यायला पायजे व्हतं मी,” ते म्हणाले. “काय लावून येऊ, काय पुसून येऊ, ह्याच इचारात राह्यलो.”

“त्या साली तुम्ही नुसते आला असतात तरी पुरे होतं,” सर म्हणाले. “मी तुमच्या कपाळाकडं बघितलंही नसतं.”

निघताना त्यांनी सांगितलं की थंडी सरू द्या, छाती जरा बरी झाली की मी सेलूला येतो, मला ते दोन कण बघायचेत. अप्पांनी नळी प्रदर्शनानंतरही मोडली नाही. रोज झाकण पुसायचे, पंपाचं तेल बघायचे. त्याच वर्षी परदेशातल्या काही प्रयोगशाळांत धुळीचे कण असे रचून लटकलेले दिसल्याचं छापून आलं. अप्पांनी ते मला वाचून दाखवलं आणि बाजूला ठेवलं. त्यांचं सगळं लक्ष परभणीच्या वाटेकडं होतं.

सर आले नाहीत. उन्हाळ्यात त्यांची छाती बळावली आणि मे महिन्यात ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही परभणीला पोचलो तेव्हा मांडव भरलेला होता. समोर बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी सरांचा फोटो, खाली सतरंज्यांवर पांढऱ्या कपड्यातली माणसं. अप्पा मांडवाच्या तोंडाशी थांबले. इतक्या माणसांत ते तीन पट्टे लांबूनही उठून दिसत होते आणि पुष्कळजण वळून बघत होते. मी हळूच म्हणालो, मागं बसू. अप्पा हलले नाहीत. तेवढ्यात सरांचा मुलगा, चाळिशीचा, बँकेत असलेला, माणसांतून वाट काढत आला.

“तुम्ही सेलूचे सर ना?” त्यानं विचारलं. “बाबा सांगून गेले होते. कपाळाला तीन पट्टे लावलेले एक सर येतील, त्यांना पुढं बसवा. चला.”

त्यानं अप्पांचा हात धरला आणि त्यांना पहिल्या ओळीत, फोटोसमोर नेऊन बसवलं. अप्पा फोटोकडं बघत राहिले. मग डोळे पुसायला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थोडी विभूती सतरंजीवर पडली.